एका घासाची पहिली पंगत

क्वीन्सलँडमधल्या लोगन गावच्या त्या सामोअन गल्लीत रविवारी लोक चर्चला निघायच्या आधीच मागच्या अंगणांतून धूर निघालेला असायचा. भट्टीतल्या तापलेल्या दगडांवर अळूचे कंद, कच्ची केळी, मासे, डुकराची मांडी रचायची. नारळाचं दूध घालून बांधलेल्या अळूच्या पानांच्या पुरचुंड्या त्यांच्या कडेकडेने बसवायच्या, वरून केळीची पानं आणि ओली पोती झाकायची आणि पांढरे कपडे घालून सगळ्यांनी उपासनेला जायचं. "आपण देवाचं काम करून येऊ, तोवर दगड आपलं करतील," असं फुआतिनो म्हणायची.

फुआतिनो त्या घरात सगळ्यांत मोठी. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि घराण्याचा मान त्याच्यामागे तिच्याकडे आला होता. लेक पेलेनातो गोदामात कामाला, सून सालिलो वृद्धाश्रमात, आणि चार नातवंडं. चौघांत थोरली लुपे, आठ वर्षांची, बोलायला पन्नास वर्षांची.

आमच्या सामोअन घरात मोठ्यांची पंगत पहिली. मोठी माणसं आणि पाहुणे बसतात, लहान वाढतात, विणलेल्या पंख्याने माश्या वारतात. मोठ्यांनी "झालं" म्हणून ताट सारलं की मगच मागची पंगत. लहानपणी वाट बघायची आणि मोठेपणी वाट बघायला लावायची, त्यात कुणाला कधी काही वाटलं नाही. शिवाय फुआतिनो झपाझप जेवायची. ताट भरून घ्यायची, पुन्हा भरून घ्यायची, तरी पंधरा मिनिटांत "झालं" म्हणून मोकळी. पोरांना पंख्याचा हात बदलायचीसुद्धा वेळ यायची नाही.

वजन होतं एकशे शेहेचाळीस किलो. टेबलाच्या टोकाच्या तिच्या खुर्चीला पेलेनातोने खालून दोन लोखंडी पट्ट्या मारल्या होत्या. तिची नणंद तालोसागा समोरच्याच रस्त्यावर राहायची. आमच्यात नवऱ्याची बहीण म्हणजे मानाची, तिला कुणी उलटून बोलत नाही, आणि तालोसागाने या सवलतीचा आयुष्यभर पुरेपूर वापर केलेला. ती म्हणायची, "वहिनी, तुम्ही खुर्चीत बसलाय की खुर्ची तुमच्यात बसलीय?"

"तुझी खुर्ची तरी कुठे दिसते गं?" फुआतिनो म्हणायची, आणि दोघी पोट धरून हसायच्या. तालोसागा काही तिच्याहून फारशी हलकी नव्हती.

पण संध्याकाळची प्रार्थना आली की फुआतिनोचं हसू कमी व्हायचं. सगळं घर चटईवर मांडी घालून बसायचं आणि ती एकटी खुर्चीत, उंचावर. अकरा वर्षं ती खाली बसली नव्हती. स्तोत्र म्हणताना खाली सगळ्यांची डोकी दिसायची आणि तिला वाटायचं, देवासमोर आपणच तेवढे वर बसलोय. गुडघे गेलेले, साखरेसाठी दिवसाला चार सुया, आणि झोपेत श्वास अडकू नये म्हणून नाकावर मुखवटा. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं नाव काढलं तेव्हा ती एक आठवडा कुणाशी बोलली नाही. आठव्या दिवशी न्याहारीला म्हणाली, "नाव घालून टाका माझं. प्रभूने गुडघे वाकवायला दिलेत, मी ते खुर्चीला दाखवायला ठेवलेत."

तालोसागा धावत आली. "देवाने दिलेलं पोट कापून टाकायचं, वहिनी? कुठल्या तोंडाने चर्चला जाल?"

"देवाने केसही दिलेत. ते तू दर महिन्याला कापून घेतेसच की."

दोन वर्षांनी नंबर लागला. मे महिन्यात फुआतिनोचं पोट कापून उरलं ते एवढंसं. घरी आल्यावर तिने पोरांना सांगितलं, "केळ्याएवढं."

"कुठलं केळं, आजी?" लुपेने विचारलं. "आपल्या भट्टीतलं की दुकानातलं?"

"दुकानातलं. तेसुद्धा सोललेलं."

पहिले दोन आठवडे नुसतं पातळ, घोट घोट. औषधाच्या टोपणाएवढा पेला, त्यात सालिलोने तीन वेळा गाळलेलं सूप. मग दोन आठवडे सगळं वाटून. वाटलेला मासा बघून फुआतिनोने आधी डोळे मिटले आणि मग चमचा उचलला. पुढे मऊ अंडं, मऊ भोपळा. रोज चालायचं म्हणून पहिल्या दिवशी ती आपल्या टपालपेटीपर्यंत गेली, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या, आणि आठवड्याभरात कोपऱ्यावरच्या त्या घरापर्यंत, जिथला कुत्रा तिच्यावर भुंकायचा. "भुंक बाबा," ती त्याला म्हणायची, "कित्येक वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला चालताना बघतंय."

केस गळू लागले, कंगव्यात मूठमूठ यायचे. थंडी वाजायची. जुलै म्हणजे इथला हिवाळा, तरी क्वीन्सलँडमध्ये असा कितीसा गारठा, पण ती नवऱ्याचं जुनं रग्बीचं जाकीट घालून स्वयंपाकघरात वावरायची. जूनमध्येच चारच्या जागी एक सुई झाली आणि मग तीही गेली. मुखवटा कपाटात गेला. जुलैच्या एका संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी तिने खुर्ची बाजूला सरकवली, टेबलाला धरून एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि चटईवर बसली. पेलेनातोने हात पुढे केला, तर तिने त्याच्या हातावर चापट मारली. "मी बसतेय, तू स्तोत्र सुरू कर." तो तिच्या टेकलेल्या गुडघ्यांकडेच बघत राहिला, तेव्हा तिनेच सुरू केलं. उठताना मात्र पाच मिनिटं लागली आणि उठता उठता ती इतकी हसली की सगळ्यांना वाटलं आता परत पडते.

इथवर सगळं देवाच्या कृपेनं झालं. खरी परीक्षा पुढे, जेवणाच्या टेबलावर होती.

दवाखान्यातली आहाराची बाई, ब्रॉन्विन, तिने एक कागद दिला होता. तो फ्रिजवर चिकटवलेला. एक घास वीसदा चावायचा. प्रत्येक घासानंतर चमचा खाली ठेवायचा. मासा, अंडं, मांस आधी, बाकीचं नंतर. जेवताना पाणी नाही. पोट भरलं की तिथेच थांबायचं. पोट भरल्याची खूण प्रत्येकाची वेगळी असते म्हणे. फुआतिनोचं नाक गळायचं. एवढंसं पोट भरलं की नाकातून पाणी, आणि त्याहून जास्त खाल्लं की शिंका.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ती पुन्हा सगळ्यांसारखं अन्न घेऊन टेबलाच्या टोकाला बसली. बशीएवढं ताट. चार चमचे मासा, एक चमचा कंद. घास घेतला, चमचा ठेवला, चावलं. वीस. पुन्हा घास.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. पोरं भिंतीला टेकून उभी, हातात पंखे. लुपेने डाव्या हाताने वारलं, मग उजव्या, मग धाकट्याच्या हातात पंखा दिला. स्वयंपाकघरातून सालिलोने पुरचुंड्या तिसऱ्यांदा भट्टीच्या दगडांवर नेऊन ठेवल्या. कुणी चकार शब्द काढला नाही. मोठ्यांच्या घासावर बोलायचं नसतं, आणि तिथेच सगळं अडलं होतं.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला कुणाच्या तरी पोटात कावळे ओरडले. घासाघासांमधल्या शांततेत ते घरभर ऐकू आलं.

"कुणाचं पोट?" फुआतिनोने विचारलं.

"माझं नाही," चौघंही एकदम म्हणाली.

तिला घास गिळवेना. अजून निम्मा मासा बशीत होता. "झालं," म्हणून तिने बशी सारली, आणि पोरं अशी तुटून पडली की दोन मिनिटांत डुकराच्या मांडीचं नुसतं हाड उरलं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब जेवायला आले. चर्चचे पाळक इओपू नवीनच आलेले, चौतिशीचे, धिप्पाड, उपदेश असा द्यायचे की मागच्या बाकावरचं झोपलेलं पोरही उठून बसायचं. अशा माणसाला उपासनेनंतर भूक लागते. सालिलोने सगळं मांडलं. प्रार्थना झाली. फुआतिनोने पोरांकडे बघितलं, भिंतीला टेकलेली चार तोंडं, आणि तीन घास खाऊन चमचा खाली ठेवला. "झालं."

पाळकसाहेबांचा चमचा तोंडाजवळ पोचला होता. यजमानीण आईच्या वयाची, घरची मोठी. ती थांबली म्हटल्यावर आपण खात राहणं बरं दिसत नाही, असा विचार त्यांनी केला असावा. त्यांनी चमचा हळूच ताटात ठेवला. डुकराच्या मांडीकडे एकदा बघितलं. "उत्तम जेवण," म्हणाले. "देवाची स्तुती असो."

मंगळवारी तालोसागा बातमी घेऊन आली. तोंडावर दुःख आणि डोळ्यांत आनंद. "वहिनी, चर्चच्या मंडळीत काय बोलतायत माहितीय? फुआतिनोच्या घरी पाळकाला तीन चमचे वाढले."

"तीन मी खाल्ले. त्यांनी पाच तरी खाल्ले असतील."

"पाळकीणबाई म्हणाल्या, घरी येऊन त्यांनी पावाचं अख्खं पाकीट संपवलं. उभ्याने."

शुक्रवारपर्यंत तीनाचे दोन चमचे झाले होते. फुआतिनोने आयुष्यात कधी कुणाला उपाशी पाठवलं नव्हतं. मंडळीत कुणाचं लग्न, कुणाचं मयत असो, पहिली परात तिच्या घरून जायची. ही गोष्ट तिच्या मनाला फार लागली. वजन अडतीस किलोंनी उतरलं होतं आणि लोक म्हणत होते, तिच्याबरोबर तिचा हातही आखडला.

सप्टेंबरमध्ये पाळकसाहेबांना पुन्हा बोलावलं. सकाळी उपासनेत तिने मनाशी ठरवलं, आज पाहुण्याचं पोट भरेपर्यंत आपलं ताट हलू द्यायचं नाही, आणि पोरांनाही ताटकळत ठेवायचं नाही. दोन्ही साधायचं म्हणजे पूर्वीसारखं जेवायचं. झपाझप.

ती जेवली. खारवलेलं गोमांस, कंद, पुन्हा मांस. चावणं सात-आठवर आलं, मग चारवर. पाळकसाहेब निर्धास्तपणे दुसऱ्यांदा वाढून घेत होते. तिचं नाक गळू लागलं. तिने पुसलं. शिंक आली. "देव भलं करो," पाळकसाहेब म्हणाले. दुसरी आली. तिसरी आली. चौथ्या शिंकेला ती खुर्ची ढकलून न्हाणीकडे धावली.

संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोटही ठरेना. पेलेनातोने तिला गाडीत घातलं. दवाखान्यात दोन दिवस सलाईन. डॉक्टर म्हणाले, शिवण शाबूत आहे हे नशीब, पण आत सूज आली आहे. असं वरचेवर झालं तर वाट अरुंद होते, मग पुन्हा नळी, पुन्हा चिरफाड. आणि खाणंच कमी पडलं तर अंगातली ताकद जाईल. चालणं बंद, मग साखर परत, सुया परत.

ब्रॉन्विन येऊन पलंगाच्या कडेला बसली. "काय हो, मागे वाघ लागला होता का?"

"वाघ नाही," फुआतिनो म्हणाली. "चार नातवंडं आणि एक पाळक."

तिने सगळं सांगितलं. ब्रॉन्विनने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग सगळ्यांना एकदमच बसवा की."

फुआतिनोने नुसतं हसून तिच्या हातावर थोपटलं. बरी मुलगी होती बिचारी.

घरी आल्यावर ती पेलेनातोला म्हणाली, "मी मागच्या पंगतीला बसते. सगळ्यांचं झाल्यावर. मग कितीही वेळ लागो."

पेलेनातो एरवी आईच्या शब्दाबाहेर नव्हता. पण त्या दिवशी त्याने हातातला कप खाली ठेवला. "उरल्यासुरल्यावर आईला बसवू? आमच्या घरी? बाबा वरून बघतायत."

"बाबा तुझे जेवून-खाऊन सुखात आहेत. इथे मला गिळता येत नाहीये."

तालोसागा दारातच होती, ती असतेच. "माझ्या भावाची बायको मागच्या पंगतीला?" तिने छातीवर हात ठेवला. "मग मी कुठे बसू? टपालपेटीवर?"

मग फुआतिनोने खोलीत एकटीने जेवून बघितलं. दार लोटून, पलंगावर बशी घेऊन. भिंतीपलीकडे सगळी बसलेली, तरी बोलत नव्हती. घास तोंडात फिरत राहिला. आमच्याकडे एकट्याने जेवणारा माणूस एक तर आजारी, नाही तर चोर. तीन घासांवर तिने बशी बाहेर पाठवली. पहिल्या पंगतीला बसावं तर वेळ नाही, मागच्या पंगतीला परवानगी नाही, एकटीला घास नाही. त्या आठवड्यात ती कोपऱ्यावरच्या कुत्र्यापर्यंतही पोचली नाही. शेजाऱ्याच्या टपालपेटीलाच धाप लागली आणि ती परत फिरली. सालिलोने ते खिडकीतून बघितलं आणि चहात दुधाची पावडर दुप्पट घातली.

ऑक्टोबरचा दुसरा रविवार पोरांचा. वर्षातून हा एक दिवस सगळं उलटं होतं. पोरं नखशिखान्त पांढऱ्यात, उपासना पोरांची, वचनं पोरांची. लुपेने एकोणीस ओळी न अडखळता म्हटल्या, विसावीला थांबली, छताकडे बघितलं आणि एकविसावी म्हटली. आणि घरी आल्यावर पोरं टेबलावर, मोठी माणसं वाढायला. आइस्क्रीमही पोरांना पहिलं.

फुआतिनोने परात उचलली. सालिलो म्हणाली, "आई, तुम्ही बसा हो."

"कुठे बसू? आज माझी खुर्ची गेलीय."

तिच्या लोखंडी पट्ट्यांच्या खुर्चीत लुपे बसली होती, पाय लोंबकळत, डोक्यावर फुलांची माळ. तालोसागा पंखा घेऊन तिच्या मागे उभी, कारण आजच्या दिवसाला नणंदेचाही मान चालत नाही.

फुआतिनोने आपली बशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली होती. एक घास माशाचा घ्यायचा, परात बाहेर न्यायची, परत यायचं. केळी वाढून आली की दुसरा घास. सालिलोशी भांड्यांवरून बोलणं झालं, पेलेनातो बर्फ फोडायला आला, त्याला शिव्या घालून झाल्या. परत येऊन बघते तर बशी रिकामी. कुणीतरी दुसऱ्यानेच खाल्ली की काय असं तिला वाटलं. मग लक्षात आलं, तिचंच पोट भरलं होतं. नाक आत्ता कुठे गळू लागलं होतं. दीड तास झाला होता आणि त्या दीड तासात तिच्या घासाकडे कुणी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून आवाज आला. हुबेहूब तिचाच आवाज, थोडा नाकातला, थोडा दमलेला. "झालं."

लुपेने बशी सारली होती. तिचं पोट काही भरलं नव्हतं, तिला बाहेर खेळायला जायचं होतं. "आता मोठ्यांनी बसा. भूक लागली असेल."

सगळे खो खो हसले. पण दिवस पोरांचा, शब्द लुपेचा, तेव्हा मोठी माणसं खरंच बसली. आणि लुपे खेळून आली, आइस्क्रीम घेतलं, गेली, परत आली, परत घेतलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा फुआतिनोने तिचं मनगट धरलं.

"तू तर झालं म्हणालीस ना?"

"ते पंगतीसाठी होतं, आजी," लुपे म्हणाली. "हे माझ्यासाठी आहे."

फुआतिनोने मनगट सोडलं आणि रिकामी परात घेऊन आत जाता जाता लुपेचं वाक्य पुन्हा एकदा पुटपुटली.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांना बोलावणं गेलं. पेलेनातोचा चेहरा पडला. "आई, परत? मंडळीत आधीच..."

"म्हणूनच. आणि भट्टीत दोन मांड्या घाल."

पाळकसाहेब आले, पाळकीणबाईही आल्या. पाळकीणबाईंच्या पिशवीतून पावाच्या पाकिटाचं टोक डोकावत होतं, ते सगळ्यांनी बघितलं आणि कुणी बघितलं नाही. तालोसागा मानाच्या जागी. पोरं भिंतीला. प्रार्थना पाळकसाहेबांनी केली, थोडी घाईत.

आमेन झाल्यावर फुआतिनोने एक घास माशाचा घेतला. चमचा खाली ठेवला. चावू लागली. लुपे भिंतीपाशी ओठ हलवत मोजत होती. वीस झाले. फुआतिनोने गिळलं, तोंड पुसलं, बशी सारली.

"झालं."

पाळकसाहेबांचा चमचा हवेतच थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर ऑगस्ट महिना आला. ते मुकाट्याने चमचा खाली ठेवू लागले.

"ठेवू नका, साहेब," फुआतिनो म्हणाली. ती उभी राहिली, हात टेबलावर टेकून, घराण्याची मोठी सभेत बोलायला उभी राहते तशी. "मोठ्यांची पंगत झाली. मोठ्यांच्या आधी इथे कुणी जेवलं नाही, याला तुम्ही साक्षी आहात. आता मागची पंगत बसेल. तिच्यात तुम्ही, पाळकीणबाई, पोरं, माझी नणंद. आणि मी."

बाहेर भट्टीतला एक दगड तडकला.

"वहिनी," तालोसागाने सुरुवात केली, "ही कुठली नवीन रीत?"

"जुनीच. मोठ्यांनी आधी जेवायचं. जेवले मी. किती घास जेवायचं हे कुणी सांगितलंय? तुझ्या आईने सांगितलं होतं?"

तालोसागा बोटं मोजत आठवू लागली.

"पण आई," पेलेनातो म्हणाला, "एकदा झालं म्हटल्यावर तू परत..."

"गेल्या रविवारी तुझ्या लेकीने झालं म्हटल्यावर तीनदा आइस्क्रीम घेतलं. तेव्हा तूच वाढत होतास."

पेलेनातोने पाळकसाहेबांकडे बघितलं. लुपेने बघितलं. सगळ्या घराने बघितलं, कारण आता शेवटचा शब्द त्यांचा होता. पाळकसाहेबांनी डुकराच्या मांडीकडे बघितलं.

"माझं म्हणाल," ते म्हणाले, "तर माझी पहिली पंगत ऑगस्टमध्येच झाली. मी मागच्या पंगतीत बसतो." आणि त्यांनी परात पुढे ओढली.

मग एकच गलका झाला. टेबलाभोवती एवढी माणसं मावेनात म्हणून पेलेनातोने टेबलच भिंतीला लावलं आणि चटया अंथरल्या. पाळकीणबाईंनी पिशवी दाराबाहेर ठेवली. फुआतिनोने टेबलाला न धरता एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि पोरांच्या मधोमध मांडी घालून बसली. तिच्या एका अंगाला लुपे, दुसऱ्या अंगाला पाळकसाहेब, समोर तिचं बशीएवढं ताट. पोरं बोलत होती, भांडत होती, पाळकसाहेब कुठल्याशा सामन्याबद्दल पेलेनातोशी वाद घालत होते, आणि ती चावत होती.

"चौदा," मध्येच लुपे म्हणाली.

"तू आपलं खा," तिने घास गालात सारून म्हटलं.

अर्ध्या तासाने पोरं उठून अंगणात गेली. मग पुरुष लवंडले. पाळकसाहेब सोफ्यावर घोरू लागले, उपदेशात जसा चढायचा तसाच आवाज चढत, उतरत. सालिलो आणि पाळकीणबाई भांडी घेऊन आत गेल्या. चटईवर फुआतिनो उरली, बशीत दोन घास उरले आणि समोर तालोसागा उरली.

तालोसागा कधी जेवणानंतर बसून राहायची नाही. तिला घरी जाऊन झोपायचं असायचं. आज ती कंदाचा तुकडा हातात घेऊन बसली होती. तिने एक घास घेतला आणि फुआतिनोला दिसलं की तिने चमचा खाली ठेवलाय. ती चावतेय. डोळे छताकडे.

"कितीदा चावायचं म्हणालात?" तालोसागाने विचारलं.

"वीसदा."

"मी बारावर विसरते."

"मग परत पहिल्यापासून."

तालोसागाने परत सुरू केलं. तिच्याही घरी टेबलाच्या खणात डॉक्टरांचं पत्र होतं, साखरेबद्दलचं, मार्चपासून न उघडलेलं. फुआतिनोला ते माहीत होतं, आणि फुआतिनोला माहीत आहे हे तालोसागाला माहीत होतं.

"वहिनी," थोड्या वेळाने ती म्हणाली, स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून, आवाज खाली घेऊन. "त्या ब्रॉन्विनबाईंचा नंबर... फ्रिजवरच आहे ना? नाही, सहज विचारलं. आहे का?"

फुआतिनोचा सतरावा चालू होता. तिने फक्त पाय थोडे सरकवले आणि चटईवर आपल्या शेजारची जागा हाताने थोपटली.